ताईची टाकी आणि बेचाळीस तारे

काचेवरची एक पांढरी ठिपकी काही केल्या पुसली जात नाही, अशी तक्रार बायकोने रविवारी सकाळी केली, तेव्हा मी ती नेहमीसारखी ऐकून घेतली आणि नेहमीसारखं काही केलं नाही. दुपारी ती ठिपकी चार बोटं वर सरकली होती. डाग स्वतःहून जागा बदलत नाहीत, एवढं मला नोकरीमुळे ठाऊक आहे. मी चष्मा पुसला आणि टाकीजवळ गेलो. ठिपकी काचेच्या आतल्या बाजूला होती आणि तिला पाय होते. मोजले तर सहा. तीन मोठे, तीन लहान. करंगळीच्या नखाएवढा तारामासा, पण तोही धड जुळवून न केलेला.

टाकी आमची नव्हती. ती माझ्या ताईची. ताई मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने लांब गेली आणि जाताना ही चार फुटी काचेची टाकी, आतलं समुद्राचं पाणी, दगड, दोन केशरी मासे आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तिची प्रवाळं, आमच्या बैठकीच्या खोलीत ठेवून गेली. ताईने याआधी माझ्यावर विश्वासाने सोपवलेली शेवटची वस्तू म्हणजे तिची सायकल. मी तेव्हा आठवीत होतो. त्या विषयावर आमच्याकडे अजूनही मोकळेपणाने बोललं जात नाही. त्यामुळे टाकी घेताना मी फार गंभीर चेहरा केला होता.

प्रवाळं म्हणजे एका दगडावर शर्टाच्या बटणाएवढी शंभरेक फुलं, मध्ये पिवळी, कडेने जांभळी. दिवा लागला की उघडायची, विझला की मिटायची. ही फुलं नाहीत, प्राणी आहेत, असं ताईने मला निघण्यापूर्वी तीनदा सांगितलं. बायकोने त्यांचं नाव बटणफुलं ठेवलं आणि प्रश्न मिटवला. सात वर्षांपूर्वी ताईला कुणीतरी नखाएवढा तुकडा दिला होता. त्याचा हा संसार तिने वाढवला होता. दर रविवारी संध्याकाळी ती फोनवर व्हिडिओ लावायला सांगायची. आधी फुलं बघायची, मग मासे, आणि वेळ उरला तर आम्हाला.

सोमवारी तारे तीन झाले. गुरुवारी अकरा.

मी ऑफिसमधून परस्पर माशांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने माझ्या फोनमधला फोटो मोठा करून बघितला आणि काळजीचं कारण नाही म्हणून सांगितलं. हे बिचारे काचेवरचं शेवाळ खाऊन राहतात, उलट टाकी स्वच्छ ठेवतात, लोक मागून नेतात. मी हलका होऊन घरी आलो. पुढच्या आठवड्यात तारे तीसच्या पुढे गेले, तेव्हा पुन्हा गेलो. त्याच दुकानदाराने त्याच फोटोकडे बघून सांगितलं की यांच्यातच एक जात असते, दिसायला सेम, ती प्रवाळं खाते. मग माझ्याकडची कुठली, हे कसं ओळखायचं, असं मी विचारलं.

"खाल्लं की कळतं," तो म्हणाला.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी विमा कंपनीत नुकसानभरपाई विभागात आहे. बावीस वर्षं मी लोकांना एकच प्रश्न विचारत आलो आहे: हे आधी झालं की नंतर? भिंत पडली म्हणून पाणी आत आलं, की पाणी आत आलं म्हणून भिंत पडली? माणसं रडतात, शपथा घेतात, पण मी कागद बघतो आणि कारण शोधून काढतो. साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं होतं की कारण शोधण्यात यांचा हात कुणी धरणार नाही. त्यामुळे नखाएवढा प्राणी अपराधी आहे की नाही हे मला ठरवता येणार नाही, ही शक्यताच माझ्या मनात आली नाही.

मी वही केली. रोज ऑफिसला जाण्यापूर्वी अर्धा तास आणि आल्यावर एक तास टाकीसमोर स्टूल टाकून बसू लागलो. ताईच्या सामानाच्या खोक्यात दुर्बिणीसारखी एक काळी नळी मिळाली होती. तिला डोळा लावून बघितलं, तर नुसता निळा रंग आणि काही आकडे दिसले, तारा दिसेना. नळी बिघडलेली दिसते असं म्हणून ती परत ठेवली आणि बाजारातून भिंग आणलं.

घरात माणूस भिंग घेऊन टाकीसमोर बसतो ही बातमी इमारतीत लपून राहत नाही. खालच्या मजल्यावरचे हेडमास्तर वर आले. निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली, पण अजून त्यांना सगळे हेडमास्तरच म्हणतात, कारण दुसरं काही म्हणून बघायची कुणाची हिंमत झालेली नाही. एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. त्यांनी तारे बघितले आणि पुराव्याशिवाय कुणालाही दोषी धरू नये असं मत दिलं. समोरच्या फ्लॅटमधल्या दातांच्या डॉक्टरीणबाई त्याच वेळी आल्या. त्यांचं मत उलटं होतं. ठिपका लहान असताना जो म्हणतो बघू या, तोच पुढे गाल धरून येतो, हा त्यांचा अनुभव. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि त्या दिवसापासून आमची बैठकीची खोली म्हणजे कोर्ट झालं. हेडमास्तर ताऱ्यांचे वकील, डॉक्टरीणबाई बटणफुलांच्या. दोघं रोज हजर राहू लागले. चहा आमचा.

तिसऱ्या आठवड्यात घटना घडली. दगडाच्या मागच्या बाजूचं एक फूल मिटलेलं होतं आणि त्याच्यावर एक तारा पसरून बसला होता. दुसऱ्या दिवशी तारा होता, फूल नव्हतं. मी वहीत वेळ लिहिली आणि खाली दोन रेघा मारल्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता आणखी काय हवंय तुम्हाला?"

हेडमास्तर शांतपणे माझ्याकडे वळले. "तारा बसला म्हणून फूल मेलं, की फूल मेलेलं होतं म्हणून तारा येऊन बसला?"

बावीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तो विचारायचं काम माझं. मी वही मिटली आणि चहा सांगितला.

खरं तर इथेच थांबायला हवं होतं. पण मला लेखी मत हवं होतं, सही-शिक्क्याचं. उद्या ताईने विचारलं तर दाखवायला कागद पाहिजे. म्हणून मी मत्स्य विभागाला पत्र लिहिलं: घरगुती टाकीतील लहान तारामासे उपकारक की अपायकारक, कृपया कळवावे. पंधरा दिवसांनी उत्तर आलं की तारामासा हा मासा नसल्याने विषय या कार्यालयाचा नाही, वन्यजीव कार्यालयाकडे जावे. वन्यजीव कार्यालयाने कळवलं की सदर प्राणी बैठकीच्या खोलीत असल्याने तो वन्य नाही. दोन्ही उत्तरं मी फाईलला लावली. मला वाटलं विषय संपला. पण माझं मूळ पत्र कुठल्यातरी टेबलावर "अपायकारक" या शब्दापाशी उघडं पडलं असावं, कारण एका सकाळी मत्स्य विभागाचे निरीक्षक दारात उभे राहिले. पत्र "प्रादुर्भाव" या सदरात नोंदलं गेलं होतं.

निरीक्षक अत्यंत सभ्य गृहस्थ होते. त्यांनी बूट बाहेर काढले, टाकीला जवळजवळ नमस्कारच केला आणि नमुना क्रमांक सात काढला. पहिला रकाना जनावरांची संख्या. त्यांनी मोजले, एक्केचाळीस भरले. नियमाप्रमाणे दुसऱ्यांदा मोजले, चव्वेचाळीस. तिसऱ्यांदा बेचाळीस. त्यांनी बेचाळीस लिहिले, कारण तो आकडा दोन्ही बाजूंना नाराज करत नव्हता. नर किती, मादी किती, या रकान्यापाशी आम्ही दोघं बराच वेळ थांबलो. शेवटी त्यांनी "पाहणीत आढळले नाही" असं लिहिलं. त्यानंतरचा रकाना होता अर्जदाराशी नाते. मी बहिणीचे आहेत म्हणून सांगितलं. त्यांनी तसंच लिहिलं.

जाताना त्यांनी दाराबाहेर एक कागद चिकटवला. निर्णय होईपर्यंत या जागेतून कोणतेही पाणी बाहेर नेण्यास सक्त मनाई आहे, आदेशावरून. त्यांचं म्हणणं होतं की ही फक्त पद्धत असते, मनावर घेऊ नका.

मी मनावर घेतलं नाही. इमारतीने घेतलं. कागदावर टाकीचा उल्लेख नव्हता, फक्त पाण्याचा होता. दोन दिवसांत सगळ्यांच्या लक्षात आलं की अमक्यांच्या घरचं पाणी सरकारने बंद केलंय. बायकोचं वाचनमंडळ दर शुक्रवारी आमच्याकडे जमायचं. त्या शुक्रवारी सगळ्या आल्या, पुस्तकावर बोलल्या, आणि चहाचे सात कप जसे भरले तसे परत आत गेले. पुढचा शुक्रवार दुसऱ्या कुणाकडे ठरला. बायकोने कप धुतले, एकेक पुसून फळीवर लावले.

"अहो, लोक आपल्या घरी पाणी पीत नाहीत," ती म्हणाली.

ती चिडून म्हणाली असती तर मला उत्तर सुचलं असतं.

कागदाचा आणखी एक परिणाम झाला, तो मला त्या वेळी कळला नाही. ताईच्या सूचनेप्रमाणे मी दर आठवड्याला टाकीतलं एक बादली पाणी काढून नवं घालत असे. आता पाणी बाहेर नेणं गुन्हा होता. मी सरकारी आदेश मोडणारा माणूस नाही. पाणी काढणं बंद झालं, घालणं तेवढं राहिलं. दिव्याच्या उष्णतेने टाकीतलं पाणी रोज दोन तांबे तरी उडून जायचं, तेवढं भरून काढायचं असं ताईने सांगितलं होतं. समुद्रात समुद्राचंच पाणी घालावं या विचाराने मी ताईने ठेवलेल्या समुद्री मिठाच्या पाकिटावर दिलेल्या प्रमाणात मीठ मोजून, ढवळून, गाळून दोन तांबे पाणी रोज संध्याकाळी घालत होतो. एक दिवस चुकवला नाही. मला थोडा तापही होता एकदा, तरी उठून घातलं.

आणि फुलं मिटत चालली होती. शंभराची ऐंशी झाली, ऐंशीची साठ. प्रत्येक मिटलेल्या फुलापाशी एखादा तारा असायचाच. रविवारी संध्याकाळी मी दगड फिरवून चांगली बाजू समोर करायचो आणि बायको फोन धरायची. ताई म्हणायची, फुलं जरा पेंगुळलेली दिसतात. मी म्हणायचो, रविवार आहे.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी विषय स्वतःच्या हातात घेतला. एका संध्याकाळी त्या दुकानातून पिशवी घेऊन आल्या. पिशवीत एक झिंगा होता. इतका देखणा झिंगा मी कधी बघितलेला नाही. चिनी मातीच्या कपावर कुणी निळी-जांभळी शाई शिंपडावी तसा, पुढे दोन चपटी वल्ही, आणि ती तो सारखी हलवत होता, वाद्यवृंदापुढच्या संचालकाने हात हलवावेत तशी. हा झिंगा तारे खातो, बाईंनी सांगितलं, आणि तारे सोडून दुसरं काही खात नाही. या वाक्याचा दुसरा भाग आम्ही कुणी नीट ऐकला नाही.

हेडमास्तरांना निरोप गेला. ते आले, तोपर्यंत झिंग्याने पहिला तारा उलथा करून पायाच्या टोकापासून सुरुवात केली होती. बायको आत निघून गेली. हेडमास्तरांनी एक तारा संपेपर्यंत बघितलं आणि चहा न घेता खाली गेले. हे पहिल्यांदाच घडत होतं.

दुसऱ्या दिवशी ते मुरंब्याची रिकामी बरणी घेऊन आले. त्यांनी सहा तारे मागितले. वाचवण्यासाठी, असं ते म्हणाले नाहीत, निरीक्षणासाठी म्हणाले. पाणी बाहेर नेण्याची मनाई होती, म्हणून आमच्याकडचं मिठाचं पाकीट त्यांनी आधी खाली नेलं, स्वतःच्या घरी पाणी तयार करून बरणीत भरून आणलं, आणि आम्ही चिमट्याने सहा तारे काढून, टिपकागदावर कोरडे करून, बरणीत सोडले. ताऱ्यांना मनाई नव्हती.

तीन आठवड्यांत टाकी साफ झाली. काचेवर, दगडावर, वाळूत, कुठेही एकही तारा उरला नाही. मी वहीत शून्य लिहिलं आणि फुलं उघडायची वाट बघत बसलो. पहिल्या आठवड्यात आणखी सहा मिटली. दुसऱ्या आठवड्यात नऊ. आता त्यांच्यावर बसायलाही कुणी नव्हतं. ती एकेकटी मिटत होती.

हेडमास्तर जिंकले होते, पण त्यांनी वर मान केली नाही. डॉक्टरीणबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"कधीकधी चांगला दातही निघतो," त्या म्हणाल्या.

एवढ्यावर प्रकरण थांबलं नाही, कारण झिंग्याला भूक लागली. तो दगडाच्या टोकावर येऊन उभा राहायचा आणि रिकाम्या पाण्यात वल्ही हलवत राहायचा. माशांचं खाणं दिलं, त्याने बघितलंही नाही. दुकानदाराकडे तारे मागायला गेलो, तर लोक मागून नेतात ते हेच, आता एकही शिल्लक नाही म्हणाला. पहिले चार दिवस बायको झिंग्याकडे पाठ करून बसायची. पाचव्या दिवशी तिने ताटावरून उठून टाकीकडे बघितलं आणि उपाशी जीव समोर ठेवून आपण जेवायचं कसं, असं मला विचारलं. तारे फक्त एकाच ठिकाणी होते. मी चपला घातल्या.

हेडमास्तरांकडे बरणी खिडकीत, अर्ध्या सावलीत ठेवली होती. सहाचे एकोणीस तारे झाले होते. हे प्राणी मधोमध दुभंगतात आणि दोन्ही अर्ध्यांना नवे पाय फुटतात, हे हेडमास्तरांनी मला पोराच्या प्रगतीबद्दल सांगावं तसं सांगितलं. तीन मोठे आणि तीन लहान पाय का असतात तेही तेव्हा कळलं. मी बराच वेळ हवापाण्याबद्दल बोललो. मग मी कशाला आलोय ते सांगितलं.

"ज्यांना निरपराध म्हणून सोडवून आणलं, त्यांना आता जेवण म्हणून पाठवू?" हेडमास्तर म्हणाले.

मी म्हटलं, "झिंग्यानेही काही गुन्हा केलेला नाही."

हे त्यांना पटलं, हीच अडचण होती. आम्ही दोघं बरणीकडे बघत बसलो. पाऊण तासाने तोडगा निघाला. तारा दुभंगतोच, तर आठवड्यातून दोनदा एकेक तारा मधोमध कापायचा, अर्धा झिंग्याला, अर्धा बरणीत परत. मरण कुणालाच नाही. कापायला नाजूक हात हवा, म्हणून डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या आपली हत्यारं घेऊन हेडमास्तरांच्या टेबलाशी बसल्या. त्यांचं काम संपेपर्यंत हेडमास्तर खिडकीबाहेर बघत होते. संपल्यावर त्यांनी विचारलं, "दुखलं असेल का?" आणि डॉक्टरीणबाईंनी तीस वर्षं रोग्यांना दिलेलं उत्तर त्यांनाही दिलं: "थोडंसं."

झिंगा त्या संध्याकाळी जेवला.

फुलं मात्र चाळीसवर आली होती. रविवार आला. मी दगड फिरवला, पण आता त्याला चांगली बाजू नव्हती. हेडमास्तर खुर्चीवर बसले होते, मी तांब्यात मीठ ढवळत होतो. ताईचा फोन आला. बायकोने फोन हातात घेतला, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि सरळ दगडाच्या मागच्या बाजूला नेऊन धरला.

ताईने फोन आणखी जवळ न्यायला सांगितलं. मग तिने विचारलं ते अगदी साध्या आवाजात, डॉक्टर विचारतात तसं.

"पाणी कमी झालं की काय घालतोस रे?"

"समुद्राचं पाणी. मीठ मोजून."

"रोज?"

"रोज. एकदाही चुकवलं नाही, ताई."

"अरे, उडून जातं ते पाणी," ती म्हणाली. "मीठ उडून जात नाही. ते तिथेच राहतं."

माझ्या हातातला चमचा ढवळत राहिला. मग ताईने खारटपणा बघायचं यंत्र कुठेय म्हणून विचारलं. कसलं यंत्र, मी म्हटलं. काळं, दुर्बिणीसारखं, खोक्यात दिलं होतं. मी ते शोधून आणलं. तिने सांगितल्याप्रमाणे नळीच्या टोकाच्या काचेवर टाकीतल्या पाण्याचा एक थेंब टाकून डोळ्याला लावलं. निळ्या रंगाची कड आकड्यांच्या पार वरच्या टोकाला गेली होती. नळी बिघडलेली नव्हती. तिला थेंब हवा होता. आमच्या टाकीत समुद्र नव्हता, लोणचं होतं.

मी हेडमास्तरांकडे बघितलं. ते तीन महिने रोज संध्याकाळी त्याच खुर्चीवर बसून मला मीठ ढवळताना बघत आले होते. आपल्या बरणीतलं उडालेलं पाणी मात्र ते पहिल्या दिवसापासून साध्या पाण्याने भरून काढत होते. चौथीतल्या मुलालाही येतं ते, त्यांनी नंतर मान्य केलं.

"मला वाटलं ते त्यांचं खाणं आहे," ते खाली बघून म्हणाले.

ताई रागावली नाही. मी वाट बघत होतो, पण ती रागावलीच नाही. उडालेलं साध्या पाण्याने भर, वर रोज फक्त एक तांब्या खारं बाहेर काढून तेवढंच साधं घाल, घाई केलीस तर उरलेलीही जातील, एवढं तिने दोनदा सांगितलं आणि बाळाला दूध द्यायची वेळ झाली म्हणून फोन ठेवला. त्या दिवशी मी वही उघडून नुकसानीच्या कारणाच्या रकान्यात लिहिलं: पाणी भरणारा इसम. खाली सही केली. बावीस वर्षांत इतका स्वच्छ निष्कर्ष माझ्या हातून निघाला नव्हता. मेलेल्या फुलांवर पाय पसरून बसलेले ते तारे नुसती साफसफाई करत होते, आणि त्यातल्या छत्तीसांना मी झिंग्यापुढे ठेवलं होतं.

आता खारं पाणी बाहेर काढायला हवं होतं आणि त्याला मनाई होती. मी निरीक्षकांना बोलावलं. त्यांनी पुन्हा बूट काढले, मोजले, शून्य भरले. तीनदा मोजले, तिन्ही वेळा शून्य. ते चिंतेत पडले. बेचाळीसचं शून्य कसं झालं याचा पुरावा फाईलला हवा. मी झिंग्याकडे बोट दाखवलं, पण झिंग्याचा जबाब घेण्याची सोय नमुन्यात नव्हती. ज्याचा प्रादुर्भाव संपला तो प्राणी नेमका कोणता होता, याचा निदान एक नमुना वरिष्ठांना पाठवावा लागेल, असं त्यांनी सांगितलं. हेडमास्तर खाली जाऊन एक तारा घेऊन आले. निरीक्षकांनी तो टाकीच्या पाण्यात बाटलीबंद केला, बाटली घेऊन दारापर्यंत गेले आणि स्वतःच चिकटवलेल्या कागदासमोर थांबले. त्यांनी कागद वाचला. मग पुन्हा वाचला. शेवटी दारातच बसून त्यांनी आदेश मागे घेण्याचा आदेश लिहिला, त्यावर सही केली, कागद नखाने खरवडून काढला आणि मगच बाहेर पाऊल टाकलं. महिन्याभराने उत्तर आलं: पाठवलेला नमुना सुस्थितीत पोहोचला, उपकारक की अपायकारक याबाबत परिस्थितीनुरूप निर्णय घ्यावा.

फुलं चाळीसवरून एकतीसवर गेली आणि तिथे थांबली. पाचव्या आठवड्यात एका सकाळी बायकोने मला हाक मारली. एक फूल उघडलं होतं. आम्ही दोघं टाकीसमोर उभे राहिलो. त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा गेलो आणि कारणाच्या रकान्यात घरगुती लिहिलं.

ताई आली तेव्हा तेवीस उघडी होती. ती आली ती सरळ टाकीपाशी गेली, पर्स खांद्याला तशीच. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हेडमास्तर बरणी मांडीवर घेऊन बसले होते, डॉक्टरीणबाई त्यांच्याशेजारी. मी सगळं सांगितलं. तारे, झिंगा, अर्धे तारे, कागद, मीठ. मधले काही दिवस मी दगड फिरवून ठेवायचो, हेही सांगितलं. त्याला जरा वेळ लागला. ताई ऐकत होती की फुलं मोजत होती, कळलं नाही.

मग तिने बाह्या वर केल्या, दगड अर्धा बाहेर काढला आणि डॉक्टरीणबाईंकडे एखादं धारदार हत्यार आहे का विचारलं. बाईंनी दिलं. ताईने कडेचा एक तुकडा कापला, तीन फुलांचा, आणि हेडमास्तरांकडे हात पुढे केला. त्यांनी काही न विचारता बरणी दिली. तिने तो तुकडा बरणीतल्या ताऱ्यांच्या मधोमध एका खड्यावर ठेवला आणि बरणी माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"हा इथे राहू दे," ती म्हणाली. "माझ्याकडे उद्या काही झालं, तर कुठेतरी असायला हवा."

मी म्हटलं, "माझ्याकडे?"

"मग कुणाकडे?" ताई हात पुसत म्हणाली. "मीठ कुठे जातं, हे आता तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

बरणीतलं पाणी दोन बोटं कमी होतं. मी तांब्या घेतला आणि नळाकडे निघालो. मागे वळून बघितलं नाही, पण बायको, ताई, हेडमास्तर आणि डॉक्टरीणबाई चौघंही माझ्यामागोमाग स्वयंपाकघरात आली आणि तांब्या भरेपर्यंत तिथेच उभी राहिली. मिठाचा डबा बायकोने वरच्या फळीवर ठेवला होता.